सरांच्या समोरचं स्टूल

"मावशी, हे स्टूल कुणाचं?"

मी बेसिनपाशी सक्शनच्या नळ्या धूत उभी होते. वळून बघितलं तर एक पोरगी. पाठीला सॅक, अंगात नवाकोरा पांढरा कोट, आणि बूड टेकलंय ते थेट माझ्या स्टूलवर. वर टाचेनं त्याला गोल फिरवून बघतेय.

"माझं आहे," मी म्हटलं. "आणि मावशी कुणाला म्हणतेस गं?"

ती चटकन उठली. "सॉरी. मला वाटलं..."

काय वाटलं ते मला कळलं होतं. दवाखान्यात मावशी म्हणजे फरशी पुसणारी, बादल्या उचलणारी. मला अख्खं विटं रत्नाताई म्हणत होतं. डॉक्टर मगदूमांच्या दातांच्या दवाखान्यात शिरणारी निम्मी माणसं आधी माझ्याकडे बघायची, "रत्नाताई, दुखंल काय ओ?" म्हणून विचारायची, आणि मी "न्हाई दुखत, बसा" म्हटल्यावरच तोंड उघडायची. आणि ही कालची पोर मला मावशी म्हणते!

तेवढ्यात सर आले. हेल्मेट काढता काढता म्हणाले, "अरे वा, ओळख झाली वाटतं. रत्नाताई, ही शिवांजली साळुंखे. कोल्हापूरला डेंटल असिस्टंटचा कोर्स केलाय तिनं. आजपासून आपल्याकडे."

"कशाला?" माझ्या तोंडातून निघून गेलंच.

"नवा नियम आलाय ना. सांगतो, बसा."

मी बसले नाही. सरांनी सांगितलं ते उभ्यानंच ऐकलं. दिवाळीनंतर डॉक्टरांच्या शेजारी खुर्चीपाशी बसायचं तर असिस्टंटची नोंदणी झालेली पाहिजे, नंबर पाहिजे. ज्यांनी कोर्स केलाय त्यांना नंबर घरबसल्या मिळतो. शिवांजलीला मिळालाही होता. ज्या माझ्यासारख्या नुसत्या काम करून शिकल्या, त्यांना एकदाच संधी. सांगलीला डेंटल कॉलेजात प्रात्यक्षिक द्यायचं. पेशंट आपला आपण न्यायचा, डॉक्टर त्यांचा असणार. पास झालं तर नंबर.

"आणि नापास झालं तर?"

"तुम्ही कशाला नापास होताय?" सर हात धुवायला वळले.

"पण झाले तर?"

"मग काउंटर आहे. हत्यारं उकळायची, अपॉइंटमेंटा घ्यायच्या. तुम्हाला काय मी घालवणार आहे का?"

म्हणजे मावशीच. मी त्या पोरीकडे बघितलं. ती सॅकमधून डबा काढून कुठे ठेवायचा ते शोधत होती. माझ्या नाकाला ज्या मिरच्या झोंबल्या त्या महिनाभर उतरल्या नाहीत.

त्या स्टूलचं काय एवढं, असं कुणाला वाटेल. आमचे हे गलाईच्या धंद्यात, कोइमतूरला. विट्याकडच्या अर्ध्या घरांतली माणसं अशीच सोनं-चांदी गाळायला मुलखाबाहेर गेलेली. वर्षातून एकदा जत्रेला यायचे, बकरं कापायचं, पाव्हणे जेवायचे, की परत गाडीत. घरी सासूबाई आणि टीव्ही. मला माझं असं काय होतं? ते स्टूल होतं. पेशंटच्या डाव्या अंगाला सर, उजव्या अंगाला मी. मध्ये उघडं तोंड. पंधरा-सोळा वर्षं आम्ही दोघं त्या तोंडावर वाकून बसलो होतो. सर बोलायचे नाहीत. नुसता डावा हात पुढे यायचा, बोटं जराशी उघडायची, आणि बोटं कशी उघडली त्यावरून मला कळायचं की आरसा पाहिजे, प्रोब पाहिजे का चिमटा. माझ्या उजव्या हातानं मी हत्यार द्यायची, डाव्या हातात थुंकी-पाणी ओढायची सक्शनची नळी. नवराबायकोतसुद्धा एवढं न बोलता कळत नाही. निदान माझ्या तरी घरी कळत नव्हतं.

आणि हे शिकताना मी काय सोसलं ते मला ठाऊक. सर डावखुरे. मी कामाला लागले तेव्हा पहिला महिनाभर चुकीच्या हातावर हत्यार ठेवायची. एकदा त्यांनी ट्रे असा आपटला की खुर्चीतली बाई उठून चपला घालायला लागली. मी संडासात जाऊन रडले, तोंड धुतलं आणि परत येऊन बसले.

शिवांजली पहिल्यांदा खुर्चीपाशी बसली तेव्हा मी काउंटरवरून मान लांब करून बघत होते. पोरीनं सरळ चुकीच्या हातावर आरसा दिला. मग सक्शन घालताना सरांच्या कोपराला धक्का मारला. मला आतून उकळ्या फुटल्या. आता आपटतो बघ ट्रे, म्हटलं.

सर हसले. "सवय होईल. सावकाश," म्हणाले.

सवय होईल! सावकाश! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मला एकदा तरी सावकाश म्हणाला होतात का? त्या दिवशी मी अपॉइंटमेंटच्या फोनवर एका मास्तरांना अशी काही बोलले की ते दुसऱ्या दिवशी मुद्दाम येऊन विचारून गेले, "बाई, माझं काय चुकलं?"

मग रोज काहीतरी. पोरगी पेशंटच्या गळ्यात कागदी रुमाल बांधायची ती अशी हळुवार, की म्हाताऱ्या बायका तिच्या गालावरून हात फिरवायच्या. एका आजोबांनी माझ्यासमोर म्हणून दाखवलं, "नवी बाई लई हलक्या हाताची हाय." नवी बाई! मी तुमच्या बायकोची कवळी बसवली तेव्हा ती शाळेत पाढे म्हणत होती. सरांचं तर विचारूच नका. तिला नवनव्या सिमेंटची नावं माहीत, मशीनची नावं माहीत. जेवायच्या आधी दोघं त्या कंपनीच्या पुस्तकात डोकी घालून बसायची. मला सरांनी कधी विचारलं होतं का की रत्नाताई, हे मशीन घेऊ का ते? आणि मेलं खोटं कशाला बोलू, पोरगी वाईट नव्हती. येताना माझ्यासाठी चाफ्याचं फूल आणायची. मी ते काउंटरवर ठेवून द्यायची, केसांत घालायची नाही.

रात्री कोइमतूरला फोन लावला, सगळं ओकले. आमचे हे म्हणाले, "मग सोड की. तुला कुणी सांगितलंय?"

मी फोन ठेवून दिला.

परीक्षा आठवड्यावर आली तेव्हा शिवांजली दुपारी माझ्यापाशी येऊन उभी राहिली. मावशी बंद झालं होतं, ताई म्हणायला लागली होती. "ताई, आपण जरा प्रॅक्टिस करूया का? तिथं काय असतंय, आपल्या हितल्यासारखं..."

"मला शिकवतेस?"

"तसं न्हाई ओ. मी म्हणत होते की तिथं बसायचं..."

"बसायचं कसं ते मला कळतं. तू जन्मली नसशील तेव्हापासून बसतेय."

ते काही खरं नव्हतं, पण बोलून गेले. ती ट्रे उचलून आत गेली.

मी सरांनाच विचारलं, "सर, काही तयारी करू का? दुसरीकडे काय पद्धत असते, कसं असतं?"

सर एक्स-रे उजेडात धरून बघत होते. तसेच बघत म्हणाले, "तुम्हाला काय तयारी लागते? रोजच करताय की. आहे तसंच करा. उगीच काही नवीन शिकायला जाऊ नका आता, हात बिचकतो."

बघा, सरांचा विश्वास आहे म्हटलं. त्या एका वाक्यावर मी आठवडा काढला. शिवांजली समोरून गेली की मान ताठ करून बघायची.

पेशंट म्हणून माझी नणंद येणार होती. आदल्या संध्याकाळी तिचा निरोप आला. कुणीतरी तिच्या डोक्यात भरवलं होतं की कॉलेजात पोरं शिकायला म्हणून चांगले दात उपटतात. मी दवाखान्यातच कपाळाला हात लावून बसले.

"त्यात काय," सर लगेच म्हणाले. "शिवांजली जाईल. काय गं, जाशील ना? दातांवर जरा घाण साठलीच आहे तुझ्या, साफ होतील. उद्या दवाखाना बंद ठेवतो."

"तिला नको!" मी म्हटलं.

"मग दुसरं कोण आहे?"

दुसरं कुणी नव्हतं. म्हणजे मी नापास झाल्यावर जिला माझं स्टूल मिळणार, तिच्याच तोंडात हात घालून मी परीक्षा द्यायची! ती नुसती दात घट्ट मिटून बसली तरी माझं वाटोळं. सांगलीच्या एसटीत ती माझ्या शेजारी बसली आणि मी खिडकीकडे तोंड केलं. तासगावच्या पुढे तिनं शेंगदाणे पुढे केले. मी नको म्हटलं. तिनं पुन्हा पुढे केले नाहीत.

कॉलेज भलंमोठं. एका लांबलचक हॉलमध्ये खुर्च्याच खुर्च्या, आणि प्रत्येक खुर्चीपाशी माझ्यासारखी एकेक बाई. कुणी सोलापूरकडची, कुणी कराडची. सगळ्यांच्या तोंडाला कोरड पडलेली. मला मात्र हत्यारांचा वास आला आणि जिवात जीव आला. शिवांजली खुर्चीत आडवी झाली. मी तिच्या गळ्यात रुमाल बांधला, ट्रे लावला, दिवा तोंडावर घेतला आणि स्टूल ओढून ऐटीत बसले.

बसले ती माझ्या जागेवर. पेशंटच्या उजव्या अंगाला.

एक तरुण डॉक्टर हातमोजे चढवत आला आणि माझ्या शेजारी येऊन थांबला. मी त्याच्याकडे बघतेय, तो माझ्याकडे बघतोय.

"ताई," तो म्हणाला, "ही माझी जागा आहे."

शेजारच्या खुर्चीपाशी बसलेली बाई फिस्सकन हसली. मी हॉलभर नजर टाकली. सगळ्या डॉक्टरांची स्टूलं उजवीकडे होती आणि सगळ्या असिस्टंट डावीकडे. एकटी मी सोडून! आणि मग माझ्या डोक्यात लख्ख झालं. सगळं जग उजव्या हाताचं, आणि मी आयुष्यभर एकाच खुर्चीपाशी बसले होते. दुसऱ्या कुठल्या दवाखान्यात मी कधी दात दाखवायलासुद्धा गेले नव्हते. सर डावखुरे हे मला माहीत होतं, पण त्यांच्यापायी मीही उलटी झालेय, हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

मी उठून दुसऱ्या बाजूला गेले. परीक्षक मॅडम पाटी घेऊन खुर्चीच्या पायथ्याशी येऊन उभ्या राहिल्या. "सुरू करा," म्हणाल्या.

आता हत्यार द्यायचं ते डाव्या हातानं, सक्शन उजव्या हातात. सांगायला काय, सोपं आहे. पण माझ्या हातांना कोण सांगणार? डॉक्टरनं हात पुढे केला आणि माझा उजवा हात आपोआप उठला. तो पोरीच्या तोंडावरून आडवा गेला, दिव्याच्या उजेडात आला. डॉक्टरनं मान वर केली. मी हात मागे घेतला. सक्शन घ्यायला गेले ते डाव्या हातानं. नळी माझ्याच मनगटाला वेटोळली. मॅडमनी काहीतरी लिहिलं. डॉक्टरनं मशीन सुरू केलं, तोंडात पाणी भरायला लागलं, आणि मला कळेना की माझे हात कुठले आणि बाजू कुठली.

तेवढ्यात शिवांजलीनं हात वर केला.

दुखलं तर पेशंटनं हात वर करायचा, हे सगळ्या दवाखान्यांत सारखंच. डॉक्टरनं ताबडतोब मशीन थांबवलं. "दुखलं?"

"आँ," ती म्हणाली.

झालं, म्हटलं. घातला पोरीनं खोडा. एवढी माझ्या वाईटावर होती तर! मी तिच्याकडे असं बघितलं की डोळ्यांतून जाळ निघाला असेल. तिचे डोळे उघडे होते, माझ्यावरच रोखलेले. ती डोळे वटारून माझ्या उजव्या हाताकडे बघायची, मग सक्शनकडे. परत हाताकडे, परत सक्शनकडे.

मी नळी उजव्या हातात घेतली. तिनं डोळे मिटले.

मशीन परत सुरू झालं. आणि रुमालाखालून तिचा हात माझ्या गुडघ्यावर आला. मी दचकलेच. डॉक्टरचा हात पुढे येणार, त्याच्या आधी क्षणभर तिनं माझा डावा गुडघा दाबला. मी डाव्या हातानं आरसा दिला. बरोबर पडला. पाणी भरत आलं तसा उजवा गुडघा दाबला. मी सक्शन आत घातलं. डावा. उजवा. डावा, डावा, उजवा. तोंड आ वासलेलं, डोळे मिटलेले, आणि तोंडात काय चाललंय त्यावरून पुढचं ओळखत ती पोरगी पडल्या पडल्या मला हाकत होती. मॅडमना दिसलं असतं तर माझं जाऊ द्या, तिचा आलेला नंबर गेला असता. मला घाम फुटला. तिला फुटला नाही. हळूहळू माझा हात बसत गेला आणि तिचा दाब कमी होत गेला. शेवटी शेवटी तिनं नुसताच हात ठेवला होता.

मग सिमेंट मिसळून दाखवलं. ते बाजूच्या टेबलावर होतं, तिथं कसली डावी-उजवी बाजू? ते मी असं दाखवलं की मॅडमनी पाटी खाली घेऊन बघितलं.

"पेशंटला मध्ये त्रास झाला का?" त्यांनी विचारलं.

"न्हाई मॅडम," शिवांजली तोंड पुसत म्हणाली. "मला लई गुदगुल्या होतात."

मॅडम हसल्या. "सुरुवातीला फार गोंधळलात," मला म्हणाल्या. "पण सावरलात. पास. नंबर पोस्टानं येईल."

सांगलीच्या स्टँडवर विट्याच्या गाडीला वेळ होता. शिवांजलीनं भडंगाची पुडी आणली. आम्ही बाकावर बसलो. मघाचे शेंगदाणे मी नाकारले होते, आता भडंग घेतलं.

"का केलंस हे?" मी विचारलं. "मी नापास झाले असते तर ते स्टूल तुझंच होतं."

ती कुरमुरे चावत राहिली. मग म्हणाली, "खरं सांगू? रागवणार न्हाई ना?"

"सांग तर."

"मला नको होतं ओ ते स्टूल. कोल्हापूरला एका मोठ्या दवाखान्यात जागा निघालीय. पाच खुर्च्या, वेगवेगळे डॉक्टर. मी सरांना विचारलं तर म्हणाले, रत्नाताई पास झाल्या तर खुशाल जा. नापास झाल्या तर वर्षभर तुला सोडता येणार न्हाई, माझ्यापाशी दुसरी कोण आहे? मी शब्द दिला होता ताई. म्हणून तुम्ही पास होणं मला पाहिजे होतं."

"आणि आमच्यात काय वाईट आहे?"

"वाईट न्हाई. पण सरांच्या समोर बसून हात बिघडतो. मला भ्या वाटायला लागलं होतं. परवा घरी चहा गाळताना गाळणी कुठल्या हातात धरायची तेच कळेना."

ज्या हातासाठी मी संडासात रडले होते, ज्या हातासाठी सबंध महिनाभर मी हिच्यावर जळले, तो हिच्या लेखी बिघडलेला हात! तिनं माझं स्टूल पळवलं असतं तर मला एवढा राग आला नसता. मी तिला चार शब्द सुनावणार होते, पण काहीतरी आडवं आलं.

"थांब," मी म्हटलं. "ही बाजूची भानगड तू मला आधी सांगायला आली होतीस ना?"

"मग! पण तुम्ही बोलू दिलं का?"

"बरं, माझं सोड. सरांना नव्हतं का माहीत? ते शिकले की असल्याच कॉलेजात."

ती पुडी चुरगाळायला लागली.

"शिवांजली?"

"त्यांना माहीत होतं," ती म्हणाली. "मी तुमच्याकडनं बोलणी खाऊन त्यांच्याकडेच गेले होते. म्हटलं, सर, तुम्ही सांगा ताईंना, तुमचं ऐकतील. तर म्हणाले, नको. त्यांना काही सांगू नकोस."

"का?"

"म्हणाले, त्या बाजूची एकदा सवय लागली की माझ्या खुर्चीवर त्यांचा हात अडखळेल. त्यांना त्या बाजूचं शिकवायचंच नाही. तूच पेशंट म्हणून जा, कसंही करून परीक्षा पार पाड."

"माझ्या नणंदेचं काय मग?"

"ते मला माहीत न्हाई. पण त्या न्हाई म्हणाल्या नसत्या तरी सर मलाच पाठवणार होते."

गाडी लागली. लोक धावले. आम्ही दोघी बसूनच होतो. मला आठवत होतं ते एकच. एक्स-रे उजेडात धरून सर म्हणाले होते, आहे तसंच करा, आणि मी ती शाबासकी समजून आठवडाभर उराशी धरली होती. माझा नंबर त्यांना पाहिजे होता. पण तो नंबर घेऊन मी दुसऱ्या कुणाच्या समोर बसू शकेन, हे त्यांना नको होतं. महिनाभर मी या पोरीवर डोळा ठेवून होते की ही सरांना माझ्यापासून तोडते. आणि सर मला बाकीच्या सगळ्या डॉक्टरांपासून जपून ठेवत होते, कुलपात ठेवल्यासारखं.

"कधी जाणारेस कोल्हापूरला?" मी विचारलं.

"दिवाळी झाली की."

"सर दुपारी जेवायला घरी जातात. झोपतात. तेव्हा मला त्या बाजूचं शिकव."

तिनं माझ्याकडे टक लावून बघितलं. "आणि सरांना?"

"सरांना कशाला सांगायचं?"

दिवाळीपर्यंत आम्ही रोज दुपारी दवाखान्याचं शटर अर्धं ओढून बसत होतो. खुर्चीवर उशी, उशीवर उघडा स्टीलचा डबा, ते तोंड. शिवांजली डॉक्टर, मी असिस्टंट. चुकलं की ती ओरडायची, आणि चांगली ओरडायची. सावकाश वगैरे काही नाही. मला ते बरं वाटायचं. एकदा डब्यातली आमटी सरांच्या खुर्चीवर सांडली आणि आम्ही दोघी पुसता पुसता डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो. संध्याकाळी सर आले की मी परत माझ्या बाजूला. पहिले काही दिवस हात अडखळला, सर म्हणाले होते तसाच. मग दोन्हीकडे चालायला लागला. चाफ्याचं फूल मी केसांत घालायला लागले ते याच दिवसांत.

ती गेली. सरांनी तिला पेन दिलं, आशीर्वाद दिला. माझा नंबर आला तेव्हा पेढे आणले आणि प्रत्येक पेशंटला सांगितलं, "आमच्या रत्नाताई आता रजिस्टर झाल्या बरं का." मला सगळं गोड लागत होतं आणि काहीच गोड लागत नव्हतं. मी हिवाळा काढला. मग एका शनिवारी शेवटचा पेशंट गेल्यावर हातमोजे काढले आणि म्हटलं, "सर, मी पुढच्या महिन्यापासून नाही येणार. कोल्हापूरला जागा मिळालीय."

सर हसलेच. "तुम्हाला? अहो, तुम्ही कुठं जाताय आता. आणि तिथं तुमचं काय होणार? तिथं कोणी डावखुरा डॉक्टर आहे का?"

"नाही. सगळे उजवेच आहेत. पाच जणांसमोर बसून दाखवलं मी. त्यांनी ठेवून घेतलं."

सरांचं हसू तसंच राहिलं, पण चेहऱ्याचा रंग उतरला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"त्या बाजूला बसता येतं तुम्हाला?"

"येतं."

"कधीपासून?"

"झाले बरेच दिवस."

ते माझ्या हातांकडे बघत होते. आधी एका, मग दुसऱ्या. पगार वाढवतो म्हणाले नाहीत, थांबा म्हणाले नाहीत. एवढी वर्षं समोर बसून मी त्यांचा प्रत्येक चेहरा वाचला होता, दमलेला, चिडलेला, खोटं बोलणारा. हा नवीन होता. माझ्या मात्र चांगल्या ओळखीचा होता. काउंटरवरून मान लांब करून मी शिवांजलीकडे बघत होते ना, तेव्हा माझा हाच चेहरा झाला असणार.

"कुणी शिकवलं?" त्यांनी विचारलं. आवाज अगदी बारीक झाला होता. "कुणापाशी बसत होतात तुम्ही? इथल्याच कुठल्या डॉक्टरपाशी?"

मी पर्स उचलली, चपला घातल्या.

"रत्नाताई, कुणापाशी?"

एका शब्दात सांगता आलं असतं. नाही सांगितलं. म्हटलं, जळू देत जरा.